वृद्धाश्रमातली काळजी कशी पारखायची: ठाणे-नवी मुंबईत जागा शोधणाऱ्यांसाठी

अण्णांना आम्ही पहिल्यांदा ठेवलं ती जागा पनवेलच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी होती. आवारात चाफा, झोपाळा, छोटंसं गणपतीचं देऊळ, जेवणघरात चकचकीत ताटं. मी आणि भाऊ दोन तास फिरलो आणि परतताना गाडीत एकमेकांना म्हणालो, म्हातारपणी आपणही इथेच येऊ. औषधांचं कपाट मात्र दोघांपैकी कुणीच उघडायला लावलं नाही.

अण्णांना पार्किन्सन्स आहे. त्यांची लेव्होडोपाची गोळी घड्याळावर चालते. ती जेवणाआधी साधारण अर्धा तास घ्यायची, कारण दूध, अंडं, डाळ यांतली प्रथिनं तिच्या शोषणाच्या आड येतात. तिथे सगळ्यांच्या गोळ्या एकाच ट्रेमधून, नाश्ता झाल्यावर वाटल्या जात. आठवड्याभरात अण्णा खुर्चीतून उठेनासे झाले. विचारलं तर उत्तर आलं, ‘आजोबा जरा हट्टी आहेत हो.’ अण्णांनी आयुष्यभर कुणाशी हट्ट केल्याचं मला आठवत नाही.

महिन्याभरात त्यांना ठाण्याला परत आणलं. मग घोडबंदर रोड, खारघर, नेरळ, बदलापूर अशा अकरा जागा पाहिल्या. चौथ्या-पाचव्या जागेपर्यंत माझ्या ध्यानात आलं की दिवसा अकरा वाजता सगळीकडे छानच असतं. काळजी घेतली जाते की नाही, हे संध्याकाळी सात ते सकाळी सात या वेळात ठरतं. पुढचे टप्पे मी त्याच हिशोबाने लिहिले आहेत.

पहिला टप्पा: घरी बसून, फोन उचलण्याआधी

एका कागदावर सहा गोष्टी लिहा: अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा, स्वतःच्या हाताने जेवणं. प्रत्येकीपुढे ‘स्वतः’, ‘थोडी मदत’ किंवा ‘पूर्ण मदत’ असं लिहा. इथे आपण हटकून खोटं लिहितो. ‘बाबा सगळं स्वतःचं स्वतः करतात’ असं म्हणताना अंघोळीला पाणी आई काढून देते, बंडी तीच हातात देते, हे आपण धरतच नाही. म्हणून रोज सोबत राहणाऱ्या माणसालाच लिहायला सांगा.

या सहांपैकी दोन-तीन ठिकाणी ‘पूर्ण मदत’ आलं असेल तर जाहिरातीतले सीनियर लिव्हिंगचे फ्लॅट तुमच्या कामाचे नाहीत. ते हिंडत्या-फिरत्या ज्येष्ठांसाठी असतात. महारेराने, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाने, २०२४ मध्ये अशा गृहप्रकल्पांसाठी नियम आणले. दरवाजे किमान ९०० मिलिमीटर रुंद हवेत, व्हीलचेअर जाईल अशी लिफ्ट हवी, उतार हवेत. हे नियम चांगलेच आहेत, पण ते इमारतीचे आहेत. पहाटे तीन वाजता अण्णांना संडासला कोण नेणार, याचं उत्तर त्यांत नाही. त्यासाठी असिस्टेड लिव्हिंग (रोजच्या कामांत मदतीला माणूस असलेली) किंवा नर्सिंगची सोय असलेली जागाच बघावी लागते.

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका. घोडबंदर रोडवर संध्याकाळी सात वाजता कासारवडवलीहून माजिवड्याला या, म्हणजे का ते कळेल. नियमित भेटायला कोण जाणार आणि कशाने जाणार, ते आधी ठरवा. आमच्याकडे ट्रान्स-हार्बरच्या गाडीने एकटी जाऊ शकणारी आत्या होती, म्हणून नेरूळ-खारघरच्या जागा घोडबंदरपेक्षा जवळच्या ठरल्या. जिथे आठवड्यातून एकदा कुणीतरी घरचं डोकावतं, तिथे काळजी थोडी जास्त घेतली जाते. हे ऐकायला बरं वाटत नाही, पण आहे तसंच.

दुसरा टप्पा: कागद

या कामाला फार वेळ लागत नाही, पण टाळू नका. संस्था ट्रस्टची असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक विचारा. खाजगी असेल तर पावती कोणाच्या नावाने फाटते ते बघा. स्वयंपाकघराचा अन्न परवाना भिंतीवर लावलेला असावा. नर्स ‘जीएनएम’ किंवा ‘एएनएम’ (नर्सिंगचे दोन अभ्यासक्रम) झाल्याचं सांगत असतील तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं नोंदणी प्रमाणपत्र मागा. पांढरा कोट घातला म्हणून कुणी नर्स होत नाही.

अग्निसुरक्षेचं ‘एनओसी आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा ‘बी फॉर्म’ वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून घ्यावा लागतो. शेवटचा कधीचा आहे, एवढंच विचारा. नवी मुंबईत रो-हाऊसमध्ये चालणाऱ्या जागांबाबत आणखी एक बघाच: जिना. तुमचा माणूस पहिल्या मजल्यावर असेल तर त्या वळणावरून स्ट्रेचर फिरतं का? वाशीच्या एका जागी मी हे विचारलं तेव्हा मॅनेजर म्हणाले, ‘चादरीत उचलून आणतो आम्ही.’ तिथून मी चहा न पिताच निघाले.

तिसरा टप्पा: तीन वेळा जा

पहिली भेट सांगून, सकाळी अकराच्या सुमारास. त्या भेटीत इमारत बघून घ्या. संडासात कमोडशेजारी आणि अंघोळीच्या जागी धरायला दांडे आहेत का? ते हलवून बघा, नुसते खिळ्यावर टांगलेले असतात. फरशी ओली असताना पाय सरकतो का? नाकाला काय येतं? लघवीचा थोडा वास कुठेही येणार, माणसं राहतात. पण सगळीकडे फिनेलचा घमघमाट असेल तर तो वास झाकायला आहे, असं समजा.

दुसरी भेट न सांगता, सकाळी सात-साडेसातला. अंघोळी, डायपर बदलणं, नाश्ता अशी गर्दीची ही वेळ. आता माणसांकडे बघा. चष्मा डोळ्यांवर आहे की ड्रॉवरमध्ये? कवळी तोंडात आहे का? श्रवणयंत्र असेल तर बॅटरी चालू आहे? नखं, दाढी, कानामागचा मळ. अंगावरचे कपडे स्वतःचे आहेत की कपड्यांचा सामाईक गठ्ठा आहे? पाण्याचा पेला हात पोचेल अशा जागी ठेवलाय का? भरवणारी मावशी खाली बसून, घास गिळायची वाट बघत भरवते, की उभ्याने चमचे कोंबत दुसरीशी गप्पा मारते? ठसका लागणाऱ्या माणसाला आडवं ठेवून भरवलं जात असेल तर ती जागा तिथेच सोडा. अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो आणि या वयात तो जिवावर बेततो.

अंघोळीच्या दाराला पडदा तरी आहे का, हेही बघा. मी एका जागी तीन आज्यांना एका रांगेत बसवून पाणी घालताना पाहिलं. तिथे महिन्याचे पैसे घोडबंदरच्या टू-बीएचकेच्या भाड्याएवढे होते.

तिसरी भेट रात्रीची. ‘रात्री साडेनऊला पाच मिनिटं येऊन बघू का?’ असं सरळ विचारा. नकार आला तर तेही एक उत्तरच झालं. ‘सगळे झोपलेले असतात, आवाज करू नका फक्त’ असं म्हणणारी जागा मला नेहमी बरी वाटली.

रात्री गेल्यावर आधी मोजा. किती खाटा आणि किती माणसं जागी. ‘स्टाफ रेशो’ म्हणून जो आकडा सांगतात, त्यात बहुतेकदा स्वयंपाकी, माळी आणि वॉचमनही धरलेला असतो. तुम्ही फक्त रात्री जागे असलेले, हाताने काम करणारे धरा. त्यातलं कुणी दिवसाची पाळी करून पुन्हा रात्री थांबलंय का, तेही विचारा. बारा तास राबलेली मावशी रात्री दोनची बेल ऐकून उठेल अशी अपेक्षा ठेवणं तिच्यावरही अन्याय आहे.

मग बेल. एखाद्या आजीची परवानगी घ्या, ‘वाजवून बघू का?’ म्हणा आणि घड्याळ बघा. तीन मिनिटांत कुणी आलं तर ठीक, हा माझा स्वतःचा मापदंड. कळव्याच्या बाजूच्या एका जागी बेल वाजलीच नाही, वायर पलंगामागे तुटलेली होती. आजी म्हणाल्या, ‘मी हाकच मारते गं.’

रात्रपाळीच्या माणसाला चार प्रश्न विचारा, मॅनेजरसमोर नको. कुणाला छातीत दुखायला लागलं तर तू काय करशील? मेन गेटची किल्ली कोणाकडे असते? कोणत्या हॉस्पिटलात नेता? सोबत कोण जातं? उत्तर भराभर आलं पाहिजे. ‘मॅडमना फोन करू’ हे उत्तर चालतं, पण ते पहिलं नको. पहिलं हवं १०८ किंवा त्यांची ठरलेली रुग्णवाहिका. हॉस्पिटल कुठलं ते ऐकलंत की रात्री दोनला आणि संध्याकाळी सातला तिथे पोचायला किती वेळ लागेल, हे स्वतः ठरवा.

भाषेचं बोलायलाच हवं. काळजी घेणाऱ्या बऱ्याच मुली लांबच्या राज्यांतून आलेल्या असतात. मनाने प्रेमळ, कामाला चोख. पण अण्णा ‘पोटात डचमळतंय’ म्हणाले आणि मुलीने पाण्याची बाटली पुढे केली. चमक निघते, कळ येते, गरगरतं, मळमळतं, अंग मोडून येतं, जीव घाबरा होतो: म्हातारं माणूस असंच बोलतं आणि डॉक्टरला नेमकी हीच माहिती हवी असते. डिमेन्शियात तर नंतर शिकलेली हिंदी-इंग्रजी बऱ्याचदा आधी निसटते. प्रत्येक पाळीत एक तरी मराठी समजणारं माणूस आहे का, हे विचारा. आम्ही आता अण्णांच्या पलंगापाशी असे पंधरा शब्द आणि त्यांचे हिंदी अर्थ लिहून ठेवलेत.

चौथा टप्पा: औषधांचं कपाट आणि वह्या

‘औषधं कशी देता ते दाखवाल?’ म्हणा. प्रत्येकाचा डबा वेगळा, नावाचा आणि वेळेप्रमाणे कप्पे केलेला हवा. औषधाचा तक्ता हवा आणि गोळी दिल्यावर तिथल्या तिथे सही. तुम्ही दुपारी बारा वाजता गेलात आणि रात्रीच्या गोळ्यांपुढेही सह्या झालेल्या दिसल्या तर पुढे काही विचारायची गरज नाही. एका ठिकाणी मला त्या अख्ख्या आठवड्याच्या झालेल्या दिसल्या, एकाच पेनाने, एकाच तिरकस अक्षरात.

न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. ते फ्रीजरच्या कप्प्यात सापडलं तर तिथल्या प्रशिक्षणाबद्दल कळून चुकतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर रक्ताची तपासणी कोण आणि कधी करतं, ते विचारा. तुमच्या माणसाला पार्किन्सन्स असेल तर आणखी एक: उलटीवर सर्रास दिली जाणारी मेटोक्लोप्रमाइड आणि चिडचिडीवर दिली जाणारी हॅलोपेरिडॉल ही औषधं हा आजार वाढवतात. डॉक्टरांकडून हे लिहून घ्या आणि फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लावा.

‘रात्री ज्यांना झोप लागत नाही, त्यांचं काय करता?’ हा माझा आवडता प्रश्न. थोडं फिरवतो, दूध देतो, लघवीला नेऊन आणतो, गप्पा मारतो, अशी उत्तरं आली तर समाधान वाटतं. ‘डॉक्टरांनी गोळी लिहून दिलीय सगळ्यांना’ असं आलं तर दुपारी दिवाणखान्यात टीव्हीसमोर माना टाकून बसलेली माणसं पुन्हा एकदा बघा. पलंगाला हात बांधलेले दिसले तर काही विचारत बसू नका.

वह्यांमध्ये मी तीनच मागते. पडण्याची नोंदवही, वजनाची वही आणि कुशीवर वळवण्याचा तक्ता.

पडण्याच्या वहीबद्दल लोकांचा गैरसमज होतो. ‘आमच्याकडे कुणी पडतच नाही’ हे वाक्य मी चार ठिकाणी ऐकलं. चाळीस म्हातारी माणसं एका छताखाली राहत असतील तर कुणीतरी पडणारच. मला ‘गेल्या महिन्यात तिघं पडले, दोघं पहाटे बाथरूमला जाताना, म्हणून आता पॅसेजमध्ये दिवा ठेवतो’ असं सांगणारी जागा हवी होती. ती शेवटी मिळाली आणि अण्णा आज तिथेच आहेत.

वजन महिन्यातून एकदा झालं पाहिजे. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन उतरलं तर डॉक्टर ती गंभीर बाब मानतात. साठ किलोच्या माणसाचे तीन किलो म्हणजे फार नाहीत, असं आपल्याला वाटतं. पण तेवढे कमी झाले तर कवळी सैल झालीय, जेवण जात नाहीये, नैराश्य आलंय किंवा कुणी भरवतच नाहीये, यांपैकी काहीतरी आहे.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. तक्त्यावर रात्री ११, १, ३ आणि ५ च्या नोंदी आहेत का? तुमचा माणूस तिथे राहायला गेल्यावर माकडहाड, खुबे, टाचा आणि कोपरं स्वतः बघा. लाल चट्टा दिसला तर बोटाने दाबा. दाबल्यावर तो फिका पडला नाही तर ती बेडसोअरची, म्हणजे एकाच कुशीवर पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात आहे आणि त्याच दिवशी बोललं पाहिजे. हवेची गादी असेल तर तिचा पंप चालू आहे ना, हेही बघा. मोबाइल चार्जिंगला लावायला तो प्लग काढलेला मी दोनदा पाहिलाय.

साथीच्या आजाराचंही विचारा. नोव्हेंबर २०२१ मध्ये भिवंडी तालुक्यातल्या एका वृद्धाश्रमात साठहून जास्त जण एकाच वेळी कोविडबाधित निघाले होते. ताप आलेल्याला वेगळं ठेवायला एखादी खोली आहे का? कामाला येणाऱ्याला खोकला असेल तर त्याला भरपगारी सुट्टी मिळते का? पगार कापला जात असेल तर तो तापातही येणार.

जेवणाबद्दल थोडक्यात. चवीपेक्षा वेळ बघा. रात्रीचं जेवण साडेपाच-सहाला उरकलं आणि नाश्ता साडेआठला असला तर मधुमेह्याची साखर पहाटे उतरू शकते. झोपण्याआधी दूध किंवा बिस्कीट मिळतं का, हे विचारा.

पाचवा टप्पा: करार

महिन्याचा आकडा फसवा असतो. डायपर, फिजिओथेरपी, डॉक्टरची भेट, हॉस्पिटलमध्ये सोबतीला माणूस, कपडे धुणं यांतलं कशाचं वेगळं बिल येतं, ते लेखी घ्या. माणूस पंधरा दिवस हॉस्पिटलात असेल तर इथलं भाडं चालू राहतं का? दरवर्षी किती वाढ? डिपॉझिट किती दिवसांत परत? मृत्यू झाल्यास काय? हा प्रश्न विचारताना जीभ अडखळते. माझीही अडखळली, भावाने विचारला. आणि सगळ्यात महत्त्वाचं कलम म्हणजे प्रकृती ढासळली तर ठेवून घेणार की ‘घेऊन जा’ म्हणणार? बऱ्याच करारांत ते बारीक अक्षरात शेवटून दुसऱ्या पानावर असतं.

एटीएम कार्ड, चेकबुक, दागिने तिथे ठेवू नका. घर किंवा पैसे संस्थेच्या नावे करण्याचा विषय कुणी काढला तर वकिलाला दाखवल्याशिवाय एक सहीही नको.

सहावा टप्पा: पहिला महिना

शक्य असेल तर आधी पंधरा दिवस तात्पुरतं ठेवून बघा. त्या दिवसांत वेगवेगळ्या वेळी जा आणि मॅनेजरला भेटण्याआधी तुमच्या माणसाला भेटा. ‘कसं वाटतंय?’ विचारू नका, ‘बरं आहे’ एवढंच उत्तर येतं. ‘काल रात्री कोण होतं ड्युटीला?’ विचारा. नाव सांगता आलं, तर तिथे कुणीतरी त्यांच्याशी बोलतंय.

तक्रार आधी तोंडी, मग तारीख घालून लेखी. व्हॉट्सॲपवर लिहिलंत तरी चालेल, नोंद राहते. तिथे ऐकलं नाही तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे. समाजकल्याण विभागाचं जिल्हा कार्यालय आहे. पैसे मोजून घेतलेली सेवा असेल तर जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येतं. मारहाण किंवा बांधून ठेवणं असा प्रकार असेल तर थेट पोलीस.

मावश्यांशी चांगलं वागा. दिवाळीला मॅनेजरला मिठाईचा डबा देतो आणि रात्रपाळीच्या बाईचं नाव आपल्याला ठाऊक नसतं, असं होऊ देऊ नका. अण्णांच्या मजल्यावरच्या ताईंचा नंबर माझ्याकडे आहे. गेल्या महिन्यात त्यांनी रात्री पावणेदहाला फोन केला, ‘आजोबांनी आज भाकरी अर्धीच खाल्ली, सकाळी वजन करून कळवते.’ सकाळी आठला कळवलं: ५८ किलो ४०० ग्रॅम. त्याआधीच्या महिन्यात ५८ किलो १०० ग्रॅम होतं. अण्णांचं म्हणणं, भाकरी करपली होती.